रिव्हियन आर-वन-टीचे टायर बदलायचेत: 'दहा प्लाय' घ्यावेत का?

आधी प्रश्न थोडक्यात. डेन्व्हरजवळ ऑरोरात राहणारं कुटुंब. गाडी २०२२ ची चार मोटरवाली रिव्हियन आर-वन-टी, म्हणजे इलेक्ट्रिक पिकअप, चाकं २० इंची, टायर गाडीबरोबर आलेले पिरेली स्कॉर्पियन ऑल टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) प्लस, माप २७५/६५ आर २०. ट्रेडची, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबरातल्या खाचांची, खोली पुढच्या दोघांत ४/३२ इंचावर आलीय, मागच्यांत ६/३२ वर. रोजचं जाणंयेणं हायवेने, शक्यतो कॉन्झर्व्ह, म्हणजे वीज वाचवणाऱ्या मोडमध्ये. हिवाळ्यात आय-७० हायवेने डोंगरात स्कीइंग, उन्हाळ्यात कधीमधी कॅम्पिंगचा ट्रेलर. टायरच्या दुकानात सांगितलं की गाडी एवढी जड आहे तर एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जड कामाच्या पिकअपचे), भार पेलण्याच्या 'लोड रेंज ई' वर्गातले, म्हणजे दहा प्लायचेच टायर घ्या. घरात धास्ती अशी की आधीच रेंज (एका चार्जमध्ये जाता येणारं अंतर) कमी पडते, त्यात हे घेतले तर काय होईल.

माझं उत्तर आधीच सांगतो, कारणं मागाहून. तुमच्या वापराला दहा प्लायची गरज नाही. चारही टायर एकदम बदला, आणि ते पुढच्या बर्फाच्या आत बदला. पण पैसे मोजण्याआधी पुढचे टायर एवढे का घासले ते शोधून काढा, नाहीतर नवीन जोडीचीही तीच गत होईल. मी टायर आणि अलाइनमेंटचंच (चाकांचे कोन जुळवण्याचं) काम करतो, आणि इलेक्ट्रिक पिकअपच्या बाबतीत लोकांचे सर्वात जास्त पैसे इथेच वाया जाताना बघतो: चांगला टायर घेतात आणि बिघडलेल्या अलाइनमेंटवर चढवतात.

आता वजनाचं बघू, कारण दुकानदाराने तिथेच घाबरवलंय. तुमची गाडी रिकामी असताना साधारण ३,२४० किलोची आहे. माणसं, सामान, ट्रेलरचा हिचवर (मागच्या जोडणीवर) येणारा भार सगळं धरून तिला ८,५३२ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३,८७० किलोपर्यंत जायची परवानगी आहे. ऐकायला प्रचंड वाटतं. आता टायरच्या बाजूवर मापाच्या पुढे लिहिलेलं वाचा: ११६ एच. यातलं एच वेगाच्या मर्यादेचं, आणि ११६ म्हणजे लोड इंडेक्स, भार पेलण्याचा क्रमांक; त्याचा अर्थ एक टायर १,२५० किलो पेलतो. अमेरिकेत असा नियम आहे की कारच्या वर्गातला टायर पिकअपवर बसवला तर त्याची क्षमता १.१० ने भागून धरायची. भागून आले १,१३६ किलो. चार टायरचे झाले साडेचार हजारांवर. म्हणजे गाडी पूर्ण भरली तरी हा टायर कमी पडत नाही, आणि रिव्हियनने हे गणित मांडूनच तो दिलेला आहे.

अर्थात वजन चारही चाकांवर सारखं पडत नाही. मागे ट्रेलर लावला, बेडमध्ये सामान भरलं की मागचा ॲक्सल जास्त सोसतो. म्हणून चालकाच्या बाजूचं दार उघडा आणि दरवाजाच्या खांबावरचं स्टिकर वाचा. प्रत्येक ॲक्सलला किती भार चालतो ते तिथे वेगवेगळं लिहिलेलं असतं. मागचा आकडा घ्या, त्याचं अर्धं करा. तुम्ही घ्याल त्या टायरची १.१० ने भागलेली क्षमता त्याहून जास्त असलीच पाहिजे. एलटी टायरला हा भागाकार लागू नाही. हे एवढं कागदावर लिहून दुकानात जा. काउंटरवरचा माणूस हा आकडा न बघता टायर सुचवत असेल तर दुसरं दुकान बघा, हे मी अगदी गांभीर्याने म्हणतोय.

मग दुकानदार खोटं बोलला का? तसंही नाही. २७५/६५ आर २० हे माप अमेरिकेत मुळात मोठ्या कामाच्या पिकअपचं, फोर्ड सुपर ड्यूटीसारख्या गाड्यांचं. त्यामुळे या मापात मांडणीवर दिसतात ते बहुतेक एलटीच. त्याने संगणकावर माप टाकलं, जे आलं ते सांगितलं. त्या टायरवर लोड इंडेक्स १२६ दिसेल, म्हणजे १,७०० किलो. पण हा आकडा टायरमध्ये ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा असतानाचा आहे, आणि तुमच्या दारावरचं स्टिकर सांगतं ४८. एलटी टायर ४८ वर ठेवला की ती जास्तीची ताकद बहुतांशी हातातून जाते. ८० भरली तर ट्रेडचा फक्त मधला पट्टा रस्त्याला टेकेल, गाडी उसळत चालेल आणि बर्फावर पकड जाईल. एलटी घ्यायचाच असेल तर त्यात किती हवा भरायची हे 'टायर अँड रिम असोसिएशन'च्या भार-हवा तक्त्यावरून काढावं लागतं, अंदाजाने नाही. आणि 'दहा प्लाय' म्हणजे आत दहा थर नसतात. ताकद मोजायची ती जुनी पद्धत आहे, नाव तेवढं टिकून राहिलंय.

एलटी-ई टायर त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा चांगलाच जड भरतो, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) ताठ असते, रबर जाड असतं. प्रत्येक फेऱ्यात ते रबर दबतं, सुटतं, आणि त्यात ऊर्जा जाते. पेट्रोलच्या गाडीत हे जाणवत नाही. तुमच्या गाडीत थेट बॅटरीच्या टक्क्यांत दिसेल.

त्याची जागा कुठे आहे तेही सांगतो, नाहीतर उत्तर एकांगी होईल. तुम्ही युटाला मोअॅबच्या खडकांवर गाडी नेत असाल, आठवड्यातून अनेकदा धारदार खडीच्या रस्त्यावर असाल, किंवा या गाडीची ओढण्याची ११,००० पौंडांची मर्यादा खरोखर वापरत असाल, तर एलटी घ्या आणि रेंजचं दुःख करू नका. भर वाळवंटात साइडवॉल फाटणं ही रेंजपेक्षा कितीतरी मोठी अडचण आहे. वर्षातून कधीतरी कॅम्पिंगचा ट्रेलर यात बसत नाही.

आता पुढचे टायर मागच्यांपेक्षा आधी का गेले ते. पहिलं कारण तुम्हीच लिहिलंय: कॉन्झर्व्ह मोड. तुमच्या चार मोटरवाल्या गाडीत या मोडमध्ये मागच्या मोटर सुटतात आणि गाडी पुढच्या चाकांवर चालते. सव्वातीन टनांना ओढायचं काम पुढच्या दोन टायरचं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटरने होणारं ब्रेकिंगही त्यांच्यावरच. वर वळण्याचं कामही तेच करतात. शिवाय या मोडमध्ये गाडी खाली बसते, म्हणजे चाकांचे कोन उभ्या गाडीसारखे राहत नाहीत. कॉन्झर्व्ह वापरू नका असं म्हणत नाही, लांबच्या सपाट प्रवासात तो मोड कामाचाच आहे. पण रोजच्या शहरातल्या चालण्याला ऑल पर्पज हा नेहमीचा मोड ठेवा. जी थोडी वीज वाचते ती टायरच्या बिलात परत जाते.

दुसरं कारण असू शकतं टो, म्हणजे पुढची चाकं वरून बघितली तर एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून किती वळलेली आहेत ते. हे घरीच तपासता येतं. गाडी बंद करा, स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे पुढच्या टायरचा ट्रेड बाहेर येईल. तळहात ट्रेडवर ठेवून आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. तारा बाहेर आलेल्या नाहीत ना ते आधी बघून घ्या. एका दिशेने हात सुळकन जातो आणि उलट दिशेने प्रत्येक ब्लॉकची कड करवतीसारखी टोचते, असं झालं तर टो बिघडलाय. दोन्ही दिशांना सारखं लागलं आणि फक्त बाहेरची किंवा आतली कड गेलेली दिसली, तर कारण दुसरं आहे: हवा कमी, कॅम्बर (समोरून बघितलं तर चाकाचा आत-बाहेरचा कल), किंवा वळणांवरचा वेग. हा तपास जुने टायर गाडीवर असतानाच करा. जुना टायर म्हणजे गेल्या काही हजार मैलांची नोंद आहे आणि दुकानदार तो काढून ढिगात टाकतो तेव्हा ती नोंदही जाते. मी तर सांगेन की चारही टायरचे फोटो काढा, आणि आतली कड, मध्य, बाहेरची कड अशा तीन जागी खोली मोजून लिहून ठेवा. खोली मोजायचं साधन पाच-सात डॉलरला मिळतं.

अलाइनमेंट करणाऱ्याला हवेच्या सस्पेंशनची सवय हवी. गाडी कंपनीने सांगितलेल्या उंचीवर न आणता मोजलं तर कागदावर सगळं हिरवं दिसतं आणि रस्त्यावर टायर घासतच राहतो. आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. ते द्यायला खळखळ करणाऱ्याकडे काम देऊ नका.

रेंजबद्दल एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगतो, कारण यावरून माझ्याकडे नेहमी तक्रारी येतात. हुबेहूब तोच टायर, तीच कंपनी, तेच माप घेतलंत तरी नवीन टायरवर रेंज कमी झालेली दिसेल. घासलेल्या टायरवर रबर कमी असतं, ते कमी दबतं, म्हणून तो हलका फिरतो. तुम्ही तुलना करता ती जुन्या टायरच्या शेवटच्या महिन्यांशी. शिवाय नवीन टायरचा घेर किंचित मोठा, त्यामुळे तेवढ्याच अंतरात चाक कमी फिरतं आणि गाडी मैल थोडे कमी मोजते. सुरुवातीचे काही हजार मैल हा फरक राहतो. टायर फसवा निघाला असं समजू नका.

आता मुळात तुम्हाला रेंज कमी का वाटते? या गाडीची गाजलेली ३१४ मैलांची रेंज २१ इंची चाकांवरच्या रस्त्याच्या टायरची आहे. २० इंची ऑल टेरेनवर १० ते १५ टक्के कमी होते, असं कंपनीनेच सांगितलं होतं. म्हणजे ३० ते ४५ मैल. यात गाडीचा दोष नाही, त्या ठोकळेदार ट्रेडचा आहे. हिवाळ्याची घट त्यावर आणखी.

इथे तुम्हाला खरा निर्णय घ्यायचा आहे: ऑल टेरेन पुन्हा हवेत का? स्कीइंगचा पार्किंग लॉट आणि कॅम्पग्राउंडपर्यंतची मातीची वाट याला ऑल टेरेन लागत नाही. लागते ती बर्फावरची पकड, आणि ती वेगळी गोष्ट आहे. टायरच्या बाजूवर एम अधिक एस लिहिलेलं असणं पुरेसं नाही, ते खाचांच्या रचनेवरून कंपनी स्वतःच लिहिते. तीन शिखरं आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघा. त्यासाठी टायरला बर्फावरच्या पकडीची चाचणी पास व्हावी लागते. पण ती चाचणी गाडी पुढे ढकलण्याच्या पकडीची आहे. ब्रेक लावल्यावर गाडी किती लवकर थांबेल, गोठलेल्या काचेसारख्या रस्त्यावर काय होईल, हे ती सांगत नाही. चार मोटर असलेली गाडी बर्फात सुटते झकास, त्यामुळे चालवणाऱ्याला खोटा धीर येतो. थांबताना मात्र सव्वातीन टन थांबवायचे असतात आणि तिथे मोटर कितीही असोत, टेकलेलं असतं ते चार टायरचं रबरच.

तुमच्यासाठी कायद्याचाही मुद्दा आहे. कोलोरॅडोत आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे दरम्यान ट्रॅक्शनचा, म्हणजे टायरच्या पकडीचा कायदा असतो. चारही चाकांना ताकद असलेल्या गाडीलाही निदान ३/१६ इंच ट्रेड लागतो. ३/१६ म्हणजे ६/३२. तुमचे पुढचे टायर ४/३२ वर आहेत, म्हणजे त्या पट्ट्यात ते चालत नाहीत. मागचे बरोबर काठावर. इतर रस्त्यांवर २/३२ पर्यंत चालतं म्हणून लोक निर्धास्त असतात. म्हणूनच मी दोनऐवजी चार म्हणालो. तुमच्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा शाफ्ट नाही, त्यामुळे दोनच बदलले तर गिअर तुटतील वगैरे भीती नाही. अडचण बर्फाची आहे. आणि कधी पैशांअभावी दोनच घ्यायची वेळ आलीच, तर नवीन जोडी मागे टाका. आपल्याकडे महाराष्ट्रात वर्षानुवर्षं 'नवे पुढे, जुने मागे' असं चालत आलंय आणि इथेही बरेच मराठी लोक तसंच सांगून करून घेतात. ओल्या किंवा बर्फाच्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली की गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणं साध्या माणसाच्या हातात नसतं.

तर तुम्हाला तीन वाटा दिसतात. पहिली वाट: त्याच मापात एलटी नसलेला टायर. त्यात एक म्हणजे आहे तोच पिरेली, दुसरा टोयोचा ओपन कंट्री ए/टी थ्री ईव्ही, जो खास इलेक्ट्रिक पिकअपसाठी काढलेला आहे. ऑल टेरेनच हवा असेल तर या दोघांतून निवडा.

दुसरी वाट: त्याच २० इंची चाकांवर २७५/६० आर २०. हे माप फोर्ड एफ-१५०, रॅम वगैरे पिकअपना सगळीकडे चालतं, इलेक्ट्रिक एफ-१५० लाइटनिंगच्या लॅरिएट प्रकारालाही हेच. त्यामुळे मिशलिनच्या डिफेंडर एलटीएक्ससारखे हायवेचे टायर, हिमकणाच्या चिन्हाचे बारमाही टायर, निव्वळ हिवाळी टायर, सगळं मिळतं आणि दरही बरे पडतात. या टायरचा व्यास सुमारे ८३८ मिलिमीटर, आत्ताच्याचा ८६५. कंपनीच्याच २१ इंची टायरचा ८३६. म्हणजे गाडीला हा व्यास परका नाही. गाडी १४ मिलिमीटरने खाली येईल, तुमच्या वापरात त्याने काही बिघडत नाही. दोन गोष्टी मात्र पक्क्या करून घ्या. यातले बरेच टायर लोड इंडेक्स ११५ चे असतात, १,२१५ किलो, भागून १,१०४. मागच्या ॲक्सलच्या अर्ध्याशी ताडून बघा, इथे शिल्लक फार राहत नाही. आणि साइडवॉलवर जास्तीत जास्त किती हवा चालते ते वाचा. काहींवर ५१ असतं, काहींवर ४४. ४४ वाल्यात ४८ भरता येत नाही, तो टायर तिथेच बाद. घेर बदलल्यावर गाडीच्या सॉफ्टवेअरलाही कुठली चाकं आहेत ते कळायला हवं, म्हणून टायर घेण्याआधी कंपनीच्या सर्व्हिसला विचारून घ्या.

तिसरी वाट म्हणजे हिवाळ्याचे वेगळे टायर, वेगळ्या चाकांवर. स्कीइंगला दर शनिवारी-रविवारी जात असाल तर मी हेच सांगेन. खर्च एकदा दुप्पट वाटतो, पण दोन्ही जोड्या आलटून पालटून वापरल्याने जास्त टिकतात. हिवाळी रबर मऊ असतं, एप्रिल संपला की काढायचं, उन्हाळ्यात या वजनाखाली ते बघता बघता संपतं.

'ईव्ही टायर' या शिक्क्यासाठी जास्त पैसे द्यावेत का? वजन पेलणं आणि हलकं फिरणं हे दोन गुण मोजून घ्या, शिक्क्यावर जाऊ नका. आतून फोमचा पट्टा चिकटवलेला असेल तर केबिनमधली घुमणारी गुंजन कमी होते, इंजिनचा आवाज नसल्यामुळे ती एरवी ऐकू येते. पण पंक्चर काढताना तिथला फोम कापावा लागतो आणि सगळी दुकानं ते करत नाहीत, आधी विचारा. किंमत या मापांत एका टायरला साधारण ३०० ते ४५० डॉलर धरा, बसवणं वेगळं.

बसवताना तुम्ही समोर उभे राहा. जॅक लावण्याआधी सस्पेंशनची आपोआप उंची सांभाळण्याची सोय बंद केलेली हवी, आणि जॅक फक्त ठरलेल्या जागी. बॅटरीच्या पेटीखाली जॅक लागलेला दिसला तर तिथल्या तिथे थांबवा. टायरवर डीओटीच्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळलेले हवेत, आणि शंभरेक मैलांनी पुन्हा तपासून घ्या.

हवा सकाळी, गाडी उभी असताना, बाहेरच्या थंडीत मोजा. गरम गॅरेजमध्ये ४८ भरून बाहेर काढलीत तर दर साडेपाच अंश सेल्सिअसला एक पीएसआय उतरते, जानेवारीत ती चार-पाचने कमी भरेल. आयझेनहॉवर बोगद्यापाशी आकडा दोनेक पीएसआयने वाढलेला दिसला तर घाबरून काढू नका. तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी आहे म्हणून गाडी तसं दाखवते.

रोटेशन, म्हणजे टायरच्या जागांची अदलाबदल, दर ५,००० मैलांनी करा आणि प्रत्येक पावती ठेवा. टायरवर मैलांची वॉरंटी असली तरी रोटेशनची नोंद नसेल तर कंपनी दावा नाकारते.

आता मला दारावरच्या स्टिकरवरचे दोन्ही ॲक्सलचे आकडे, ट्रेलरचं भरलेलं वजन आणि पुढच्या टायरवर हात फिरवून काय लागलं ते कळवा. त्यावरून २७५/६० घ्यायचा की आहे त्याच मापात राहायचं ते नक्की सांगतो. टो बिघडलेला निघाला तर टायरची ऑर्डर द्यायच्या आधी अलाइनमेंटची वेळ घ्या. आय-७० वर मात्र तोवर या टायरवर जाऊ नका.